सात हेड फुटले, पाणी आलं नाही

पॅकिंग हॉलच्या स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह मी बंद केला होता. दोन्ही हातांनी, चाक शेवटपर्यंत आवळून. खंडेनवमीच्या सकाळी बंद केला आणि पुन्हा उघडला नाही. नवव्या दिवशी तिथे आग लागली. हे कोणी केलं असं चौकशीत विचारलं गेलं तेव्हा मी ते दुसऱ्या माणसाच्या अंगावर जाऊ दिलं.

हे सगळ्यात आधी लिहून टाकतो. उशिरा लिहायला घेतलं तर मी ते गोड करीन. स्वतःचा हा स्वभाव मला आता चांगला ओळखता येतो.

तलासरीहून अच्छाडकडे जाताना हायवेपासून जरा आत प्लास्टिकचे डबे बनवणारा एक कारखाना आहे. तिथे मी अकरा वर्षं मेंटेनन्स सुपरवायझर होतो. राहायला डहाणूत, सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. मशिनं, कॉम्प्रेसर, वायरिंग हे माझं काम होतंच, पण आगीची सगळी व्यवस्थाही माझ्याकडे होती. म्हणजे पाण्याची टाकी, पंपरूम, छताखालून गेलेल्या लाल पाइपलाइन आणि त्यांना दर दहा फुटांवर लटकणारे स्प्रिंकलर.

स्प्रिंकलरबद्दल लोकांच्या डोक्यात सिनेमातलं चित्र असतं. कोणीतरी छताखाली लायटर धरतो आणि सगळ्या हॉलमध्ये पाऊस पडतो. तसं काही होत नाही. प्रत्येक स्प्रिंकलर, आम्ही त्याला हेड म्हणतो, आपापला स्वतंत्र असतो. त्याच्या तोंडाला एक बूच असतं आणि ते बूच एका काचेच्या नळीने दाबून धरलेलं असतं. नळी साधारण शेंगदाण्याएवढी, आत लाल द्रव आणि एक बुडबुडा. खाली आग लागली की गरम हवा छताला जाऊन साचते. तिथलं तापमान अडुसष्ट अंशांच्या आसपास पोहोचलं की आतला द्रव फुगतो, काच फुटते, बूच पडतं आणि पाइपातलं पाणी खालच्या दातेरी चकतीवर आपटून छत्रीसारखं पसरतं. आगीच्या डोक्यावरचीच हेड फुटतात, बाकीची तशीच राहतात. वीज लागत नाही, बटण लागत नाही, माणूस जागा आहे की नाही हेसुद्धा त्याला विचारावं लागत नाही. मला ही गोष्ट फार आवडायची. नव्या लोकांना समजावून सांगताना मी फुटकी काच खिशातून काढून दाखवायचो.

त्याची एकच अट असते. पाइपात दाबाखाली पाणी हवं. टाकी आणि पाइप यांच्यामध्ये, पंपरूममध्ये, प्रत्येक लाइनला एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याला मोटारीच्या स्टिअरिंगएवढं चाक. व्हॉल्व्ह उघडा असला की चाकाच्या मधून दांडा वर आलेला दिसतो. बंद केला की दांडा आत जातो. कोणी चुकून फिरवू नये म्हणून उघड्या चाकाला साखळी आणि कुलूप लावतात. हे चाक बंद असेल तर छतावरचं सगळं नुसती शोभा आहे.

आणखी एक गोष्ट मी नव्या लोकांना सांगत नसे. ती म्हणजे त्या पाण्याची. लोखंडी पाइपात ते वर्षानुवर्षं पडून असतं. हलत नाही, हवा लागत नाही. तळाचा नळ उघडला की जे बाहेर येतं ते शाईसारखं काळं असतं, त्यात गंजाच्या खपल्या आणि बोटाला चिकटणारा बुळबुळीत थर. आणि वास. मी डहाणूचा माणूस आहे, सुकायला घातलेले बोंबील आणि सडलेले बोंबील दोन्ही माझ्या नाकाच्या ओळखीचे. पण हा वास वेगळा, नासक्या अंड्याचा आणि गटाराचा मिळून. हाताला लागला तर दोन आंघोळींनीही जात नाही. अशा दिवशी बायको मला दारातच शर्ट काढायला लावायची आणि तो चिमटीत धरून मोरीत टाकायची.

वर्षातून दोनदा ते पाणी सोडून द्यावं, पाइप धुवावेत असं माझ्याच फाइलमध्ये लिहिलेलं होतं. मी ते कधी केलं नाही. घाण वाटायची. कागदावर मात्र दर सहा महिन्यांनी केलं म्हणून सही असायची.

नुसतं तेवढंच नव्हे. दर दसऱ्याला कारखान्याला रंग काढत, तेव्हा रंगारी पाइपांबरोबर हेडसुद्धा लाल ऑइलपेंटने रंगवून टाकायचे. काचेवर रंगाचा थर बसला की ती वेळेवर फुटत नाही. हे मला माहीत होतं. काही हेड मी बदलली, काही तशीच राहू दिली. वाळूच्या लाल बादल्यांमध्ये गुटख्याच्या पुड्या आणि थुंकी. आगीच्या पाइपाच्या पेटीत कोणाच्या तरी चपला आणि जेवणाचा डबा. हे सगळं मी रोज बघत जात होतो. तपासणीचा कागद आला की ‘ठीक’ लिहीत होतो. आज ते आठवलं तरी तोंडात काहीतरी आंबट येतं.

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी आमच्याकडे उत्पादन बंद असे. मशिनं पुसायची, त्यांना झेंडूची तोरणं बांधायची, कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, नारळ फोडायचा. शेठ मुंबईहून घरच्यांना घेऊन येत. पूजेची मांडणी पॅकिंग हॉलमध्ये, कारण मोकळी जमीन तिथेच जास्त.

त्या वर्षी मी सकाळी हॉलमध्ये गेलो तर पूजेच्या टेबलाच्या बरोबर वरचं एक हेड गळत होतं. दर पाच-सात सेकंदांनी एक काळा थेंब. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर डाग पडला होता, शेजारच्या ताटातल्या दोन पेढ्यांवरही. मॅनेजर तिथेच नाकाला रुमाल लावून उभा होता.

“शेठ अकराला पोचतायत. देवाच्या डोक्यावर गटार गळतंय. काहीही करा, पण बंद करा.”

खरं काम अर्ध्या तासाचं होतं. व्हॉल्व्ह बंद करायचा, लाइनमधलं पाणी बाहेर सोडायचं, गळकं हेड काढून नवं लावायचं, व्हॉल्व्ह उघडायचा. नवी हेड माझ्या कपाटात होती. पण पाणी सोडलं असतं तर तो वास सगळ्या आवारात पसरला असता, आणि पूजा दोन तासांवर. मी पंपरूममध्ये गेलो, कुलूप काढलं, चाक आवळलं. लाइनमधला दाब उतरला आणि गळती थांबली. हेडखालचा डाग पुसला आणि वरून झेंडूची माळ गुंडाळून टाकली, दिसू नये म्हणून. डाग पडलेले पेढे मी वेचून बाजूला ठेवले नाहीत, नुसते डाग खाली जाईल असे फिरवून ठेवले. ते कोणी खाल्ले मला माहीत नाही.

पूजेनंतर करतो, असं ठरवलं. पूजेनंतर प्रसाद, मग जेवण, मग बस. दुसऱ्या दिवशी दसरा. त्यानंतर विसरलो, असं म्हणायला बरं वाटतं, आणि बरेच दिवस मी स्वतःला तसंच सांगत होतो. पण मी विसरलो नव्हतो. मला आठवण करून दिली गेली होती.

आमच्या पंपरूमवर एक पंपचालक होते. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, उधव्याजवळच्या एका पाड्यावरचे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही. सकाळी सायकलवरून यायचे, पंपरूम झाडायचे, डिझेलची पातळी बघायचे, दाबाचा काटा बघायचे आणि तपासणीच्या वहीत टिक मारून सही करायचे. वही इंग्रजीत होती. कोणता रकाना कशाचा हे मीच त्यांना शिकवलं होतं. पहिला दाबाचा, दुसरा डिझेलचा, तिसरा चाक उघडं असल्याचा. एकदा शिकवलं ते पुन्हा विचारावं लागलं नाही. चहा सोडून दुसरं काही पीत नसत. त्यांच्या थोरल्या भावाला दारूने नेलं होतं, तेव्हापासून लग्नातसुद्धा ते ताडीच्या मडक्याला हात लावत नसत. कँटीनमध्ये यावरून त्यांची चेष्टा चाले. म्हणजे ही गोष्ट सगळ्या कारखान्याला ठाऊक होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. तिथे माझ्या हाताखालचे दोघे-तिघे उभे होते.

“साहेब, दोन नंबरचं, पॅकिंगचं चाक बंद आहे. साखळी पण लोंबते.”

“माहीत आहे. मीच केलंय.”

“मग या रकान्यात टिक कशी मारू?”

“मारा हो मामा. दोन दिवसांत उघडतो. रिकामा रकाना दिसला की वरून दहा प्रश्न येतात.”

ते हलले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, “उघडून टाकू का? गळेल तिथे बादली ठेवतो. हेड बदलेपर्यंत.”

या गोष्टीत तेवढं एकच शहाणं वाक्य बोललं गेलं, आणि त्यावर मी म्हणालो, “बादली ठेवायला ते काय तुमचं पाड्यावरचं घर आहे?”

बाजूचे हसले. मामांनी माझ्या टेबलावरचं पेन घेतलं, टिक मारली, सही केली आणि गेले. पुढच्या प्रत्येक सकाळी त्यांनी तशीच टिक मारली. त्या टिका मी पुढे पाहिल्या. बाकीच्या रकान्यांतल्या सरळ होत्या, त्या रकान्यातल्या बारीक, दाबून मारलेल्या.

आग जेवणाच्या सुट्टीत लागली. डब्यांवर प्लास्टिकचं वेष्टण चढवणाऱ्या मशीनच्या हीटरची वायर जळली आणि शेजारच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांनी पेट घेतला. हॉलमध्ये काम करणाऱ्या चाळीसेक बाया बाहेर झाडाखाली जेवत होत्या, म्हणून कोणाला काही झालं नाही. मी कँटीनमधून धावत आलो तेव्हा दारातून धूर बाहेर लोटत होता आणि आत छताशी काचा फुटल्याचे बारीक आवाज येत होते. लवंगी फटाक्यासारखे. मी मोजत उभा राहिलो, का ते माहीत नाही. सात झाले. हेडनी आपलं काम केलं होतं. त्यांच्यातून पाणी आलं नाही. पाइपात साचलेलं थोडं काळं पाणी फेसासारखं ओघळलं आणि थांबलं.

मी दारात उभा होतो. चाक कुठे आहे आणि कोणत्या स्थितीत आहे हे त्या जागी मला जितकं माहीत होतं तितकं आणखी एकाच माणसाला माहीत होतं. मी उभा राहिलो आणि तो माणूस पळाला. मामा हॉलच्या कडेने, धुरातून पंपरूमकडे गेले. शेवटपर्यंत आवळलेलं चाक उघडायला पुष्कळ फेरे फिरवावे लागतात. त्यांनी ते फिरवले. पंप आपोआप सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू आला आणि मग हॉलमध्ये पाणी पडायला लागलं, आधी काळं, मग तांबूस, मग पाण्यासारखं. पॅकिंग हॉल अर्ध्याहून जास्त गेला होता. पण पलीकडचं कच्च्या मालाचं गोदाम वाचलं. ते पेटलं असतं तर काही उरलं नसतं. मामा पुढचे तीन-चार दिवस खोकत होते.

चौकशीची बैठक चार दिवसांनी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. मॅनेजर, विम्याच्या बाजूने आलेला एक सर्व्हेअर, मी, आणि दाराशी उभे केलेले मामा. केबिनमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास होता, तो तेव्हा सगळीकडेच होता, माझ्या केसांतही. टेबलावर कागदात भजी होती. मॅनेजर भजी खात होता आणि त्याच बोटांनी पंपरूमच्या वहीची पानं उलटत होता. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तेलाचं बोट उमटत होतं. माझी नजर त्या बोटांवरून हलत नव्हती.

चाक बंद होतं हे तोपर्यंत त्या केबिनमध्ये आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. आग विझली तेव्हा ते उघडं सापडलं होतं. पाणी उशिरा का आलं, असं सर्व्हेअरने विचारलं, आणि मामांनी आपणहून सांगितलं, “चाक बंद होतं. मी जाऊन उघडलं.” त्यांनी एवढं सांगितलं नसतं तर पंप उशिरा लागला असेल म्हणून ते प्रकरण मिटलं असतं. खरं सांगून ते सापडले.

मग वही पुढे आली. रोज चाक उघडं असल्याची टिक, खाली मामांची सही. मॅनेजरने विचारलं, हे काय. मामा म्हणाले, साहेबांनी सांगितलं म्हणून मारली. आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना वाटत होतं की आता मी बोलेन.

“असं मी कशाला सांगेन?” मी म्हणालो.

माझ्या टेबलाशी तेव्हा हसलेल्यांना कोणी बोलावलं नव्हतं. सर्व्हेअर लिहीत होता. मॅनेजरने भज्याचा कागद चुरगाळून टोपलीत टाकला, रुमालाला हात पुसले आणि मला, मामा तिथे उभे असताना, विचारलं की हा माणूस कामावर पिऊन यायचा का, यांच्यातले बरेच जण ताडी मारून येतात.

‘नाही’ एवढं दोन अक्षरांचं उत्तर होतं. मी म्हणालो, “सांगता येत नाही.”

मी ते फार सहज म्हणालो. आवाजसुद्धा बदलला नाही. आपण काहीच ठाम बोललो नाही, म्हणजे खोटं बोललो नाही, असा एक घाणेरडा हिशेब त्या क्षणी माझ्या डोक्यात होता आणि तो मला पटलासुद्धा.  मामांना बाहेर थांबायला सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यांना कामावरून काढल्याचं कळलं.

हॉल बंद पडल्यामुळे त्या चाळीस बायांचं कामही गेलं. त्यातल्या निम्म्या मामांच्या पाड्यावरच्या आणि आजूबाजूच्या. त्यांना कारण काय कळलं, तर पंपवाला ताडी पिऊन पडला होता म्हणून पाणी आलं नाही. हे कोणी लिहून दिलं नव्हतं. केबिनमधून कँटीनमध्ये, कँटीनमधून बसमध्ये आणि बसमधून पाड्यावर ते गेलं. मी ऐकत होतो. एकदा बसमध्ये एकाने मला विचारलंही, खरं का हो. मी खिडकीबाहेर बघितलं.

पुढे मी तपासणीची नवी वही तयार केली, या वेळी मराठीत. गळकं हेड बदललं. पाइप धुतले, स्वतः उभा राहून, ते काळं पाणी पायांवरून वाहू दिलं. मॅनेजरने शेठसमोर माझं कौतुक केलं. मला जेवण जात नव्हतं. बायकोने दोनदा विचारलं, काय झालं. पोट बिघडलंय, असं सांगितलं.

चार-पाच महिन्यांनी मी तलासरीच्या आठवडी बाजारात गेलो होतो. मिरच्यांच्या ढिगाशी मामा दिसले. पाठमोरे, खांद्यावर पिशवी. त्यांच्याजवळ तीन-चार बाया होत्या, पॅकिंगमधल्या, मी चेहऱ्याने ओळखत होतो. त्यांतली एक मोठ्याने म्हणाली, “काय मामा, आज मडकं कुठे ठेवून आलात? आमची पोटं तर तुम्ही कवाच ठेवली जाळून.” मिरचीवालाही हसला. मामा वजन बघत उभे राहिले, जणू काट्याशिवाय तिथे दुसरं काही नव्हतं. तेवढ्यात त्या बाईने मला पाहिलं. “हे बघा साहेबच आले. साहेब, सांगा की यांना, किती प्यायचे ते.”

आणि मी हसलो. काही बोललो नाही, नुसता हसलो, ओळखीचं माणूस चेष्टा करतं तेव्हा हसतात तसा. मामांनी वळून ते हसू पाहिलं. मग मिरच्या पिशवीत भरून घेतल्या आणि गर्दीत निघून गेले.

मी त्या मिरच्यांच्या वासात उभा राहिलो आणि मला स्वतःची किळस आली. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मी मुद्दाम टाळतो. कुजलेल्या वस्तूवर पाय पडल्यावर जशी शिसारी येते तशी, फक्त ती वस्तू मी होतो आणि पाय पुसून ती जाणार नव्हती. भीतीपोटी खोटं बोललो, हे एक वेळ स्वतःला समजावता येतं. पण बाजारात मला कोणाची भीती होती? तिथे मी नुसता सवयीने खोटा झालो होतो.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं.  ती एवढंच म्हणाली की ते पेढे मीही खाल्ले असतील, पूजेचा प्रसाद तुम्ही घरी आणला होता.

दुसऱ्या दिवशी दोन पानं लिहून मॅनेजरकडे नेली. व्हॉल्व्ह कधी, का आणि कोणी बंद केला, टिक मारायला कोणी सांगितलं, हे सगळं. त्याने वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. प्रकरण मिटलंय म्हणाला. एका अडाणी माणसाच्या चुकीवर मिटलंय, आता सुपरवायझरची चूक म्हणून उघडलं तर कंपनी अडकेल, तुम्ही अडकाल, आणि तो माणूस काही परत येणार नाही. मी म्हणालो, मग मी हे सरकारी कचेरीत आणि विमावाल्यांना पोस्टाने पाठवतो. तो म्हणाला, पाठवा, आणि उद्यापासून बसमध्ये बसू नका.

पाठवले. कचेरीतून एकदा बोलावणं आलं, जबाब दिला. त्याचं पुढे काय होईल ते होईल. मी आता डहाणूत मोटारी-पंप दुरुस्तीच्या एका दुकानात काम करतो. या सगळ्याने मला हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. वाटलं नाही. मामांच्या पाड्यावर या कागदांतलं एक अक्षरही पोचलेलं नव्हतं.

म्हणून एका रविवारी एसटीने उधव्याला गेलो आणि विचारत विचारत पाड्यावर पोचलो. मामा अंगणात बसून कुंपणासाठी बांबू फोडत होते. मला बघून कोयता बाजूला ठेवला. बसा म्हणाले. मामींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत निघून गेल्या, माझ्याकडे न बघता.

मी म्हणालो, माफी मागायला आलोय. कंपनीला सगळं खरं लिहून दिलंय.

मामांनी अर्धवट फोडलेला बांबू खाली ठेवला. मग म्हणाले, “साहेब, तुम्ही माझ्यापाशी काही बोलला नव्हता. तुम्ही बोललात केबिनमधल्या टेबलावर. तिथून ते माझ्या दारापर्यंत आलं. आता मला एकट्याला सांगून काय होणार? मला तर माहीतच आहे.”

“मग काय करू?”

“बसा. माणसं बोलावतो.”

पाड्यावर कोणाचं काही बिनसलं, कोणावर आळ आला, तर तो सगळ्यांनी अंगणात बसून मिटवायचा असतो. हे मी ऐकून होतो. त्यात आपण बसायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. माणसं जमायला तासभर लागला. त्या तासात मी काय काय विचार केले ते सांगायला लाज वाटते. शेवटची एसटी किती वाजता, हा एक. आज बाजार असता तर कमी लोक आले असते, हा दुसरा. बायका कामावर गेल्या असत्या तर बरं, आणि लगेच आठवलं, त्यांचं काम कोणामुळे गेलं ते.

लोक आले, जमिनीवर बसले. मला कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली होती. एका म्हाताऱ्या माणसाने तिच्याकडे बोट केलं आणि खाली बसायची खूण केली. मी खाली बसलो. बाजारात बोललेली ती बाईही आली होती, पदर दातात धरून एका कडेला. मामा माझ्यासमोर नव्हे, बाजूला बसले.

मी सुरुवात केली. म्हणालो की त्या वेळी कारखान्यात आग विझवण्याच्या व्यवस्थेत काही अडचण होती, आणि काही कारणाने व्हॉल्व्ह बंद राहिला, त्यात मामांचा दोष दाखवला गेला.

एक म्हातारी मध्येच म्हणाली, “ही कंपनीची बोली झाली. चाक कोणी बंद केलं ते सांग.”

कोणी हसलं नाही. मी मामांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हात गुडघ्यांवर होते, बांबूच्या कुसळांनी ओरखडलेले. मग मी जे बोललो ते असं:

“चाक मी बंद केलं. मामांनी मला विचारलं, उघडू का म्हणून. मी उघडू दिलं नाही. वहीत खोटी खूण करायला मीच लावली. आग लागली तेव्हा मी दारात उभा राहिलो, चाक उघडायला हे गेले. यांनी ते उघडलं नसतं तर आख्खा कारखाना गेला असता. मामा पीत नाहीत. मला ते माहीत होतं. मला विचारलं तेव्हा मी सांगता येत नाही म्हणालो, ते खोटं होतं. बाजारात हसलो तेही खोटं होतं. तुमचं काम माझ्यामुळे गेलं, यांच्यामुळे नाही.”

मग मी मामांकडे वळलो आणि हात जोडले.

“मामा, मी तुमचं नाव घाण केलं. माझं चुकलं. मला माफ करा.”